अबू हिलालचं अमेरिकन घड्याळ

ओमानातल्या निझव्याला, सूकच्या म्हणजे जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, खजुराच्या वखारीला लागून, हारून परकारचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक दार, एक काचेचं कपाट आणि कपाटामागे एक खुर्ची. खुर्चीत बसून हात लांब केला की सगळी हत्यारं हाताशी यायची. याहून मोठी जागा हारूनने कधी मागितली नाही आणि त्याच्या अर्बाबने, म्हणजे ओमानी मालकानेही, कधी देऊ केली नाही.

दाभोळच्या खाडीकाठच्या गावातून तो इथे आला तेव्हा त्याला मिशीसुद्धा धड फुटली नव्हती. गावातले बाकीचे कुणी बोटीवर, कुणी हॉटेलात, कुणी कपड्याच्या दुकानात. हारून मात्र रत्नागिरीला मामाच्या हाताखाली घड्याळाचं काम शिकलेला. मामाने निरोप देताना एक भिंग दिलं आणि सांगितलं, "बोलायचा कमी, बघायचा जास्त." हारूनचा स्वभाव मुळातच तसा होता, त्यामुळे हा उपदेश पाळणं त्याला जड गेलं नाही.

पहिल्याच वर्षी त्याच्या हातून एक गंमत झाली होती. एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थाने मनगटी घड्याळ साफ करायला दिलं. ते कित्येक तास पुढे होतं. हारूनने साफसूफ केलं आणि काटे रेडिओच्या वेळेवर आणून ठेवले. दुसऱ्या दिवशी म्हातारा दारात उभा राहून ओरडायला लागला. गल्ली जमा झाली. मग वखारवाल्याने समजावून सांगितलं, की या भागातली जुनी माणसं सूर्य बुडाला की बारा वाजले असं धरतात. रोज मगरिबची बांग झाली की काटे बोटाने बारावर आणायचे आणि तिथून पुढे मोजायचं. म्हातारा म्हणाला, "घड्याळ बिघडलं नव्हतं रे पोरा. तू बिघडवलंस." तेव्हापासून कुणी म्हातारं माणूस आलं की हारून आधी विचारायचा, "सूर्याची वेळ लावू की सरकारची?" पुढे पुढे सूर्याची वेळ सांगणारे उरले नाहीत. हारूनही ते विसरून गेला.

अशी वर्षं गेली. गावी घर उभं राहिलं, मुलगा साकिब शिकला, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन मस्कतला अल् खुवैरमध्ये एका कंपनीत लागला. बायको फरिदा गावीच राहिली. घड्याळं मात्र बदलली. चावीची गेली, सेलची आली, मग लोक फोनमध्येच वेळ बघायला लागले. हारूनकडे आता पट्टे बदलणं आणि सेल घालणं एवढंच काम येई. मधूनच एखादं जुनं घड्याळ यायचं. त्या दिवशी तो दुपारचं जेवणही उशिरा जेवायचा.

मागच्या हिवाळ्यात असंच एक जुनं मनगटी घड्याळ त्याच्या हातून गेलं. केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्यात धरताना बोट थरथरलं आणि स्प्रिंग कायमची वाकडी झाली. गिऱ्हाईक भला माणूस, काही बोलला नाही. ते न बोलणं हारूनला जास्त लागलं. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं. आता हातही.

साकिबला कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "अब्बा, खलास करा ना आता. अम्मी तिकडे एकटी, तुम्ही इकडे एकटे. कशासाठी?"

"बघू."

"तुमचं 'बघू' मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय."

 दुकान बंद करणं म्हणजे आपण निकामी झालो हे आपल्याच तोंडाने कबूल करणं, असं हारूनला वाटे. पण हे मुलाला कसं सांगायचं, ते त्याला कळत नव्हतं.

पावसाळ्यात गावाहून फरिदाचेही तसेच फोन आले. आणि त्याच सुमारास एका सकाळी उम्म हिलाल दुकानात आल्या.

उम्म हिलाल म्हणजे वस्तीतल्या मुलींच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका. मुलगा हिलाल, म्हणून त्या उम्म हिलाल आणि यजमान अबू हिलाल, हिलालचे वडील. यजमान सरकारी कचेरीत होते. ते गेल्याला वर्ष होत आलं होतं. बाईंच्या हातात एक गाठोडं होतं, पुरुषाच्या डोक्याला बांधायच्या मसरचं. त्यांनी ते कपाटावर ठेवून हळूच सोडलं.

आत घड्याळ होतं. हारूनने भिंग डोळ्याला लावलं नाही. आधी तसंच बघितलं.

गोल, गडद निळ्या आरशासारखी काच. एकही आकडा नाही. आकड्यांच्या जागी स्टीलचे बारीक ठिपके. काटे म्हणजे दोन सरळ पट्ट्या, त्यांना ना टोक ना नक्षी. ती काच चकचकीत धातूच्या अर्ध्या कड्यात उभी केलेली, आणि खाली काळ्या लाकडाच्या तीन पायऱ्या. बस्स. हारूनने आयुष्यात पानाफुलांची, घुमटांची, हरणांची घड्याळं पाहिली होती. असं उघडंबोडकं आणि तरीही देखणं घड्याळ त्याच्या हातात पहिल्यांदाच आलं.

"अमेरिकेचं," उम्म हिलाल म्हणाल्या. त्या अरबीत बोलत. हारूनची अरबी बाजारातली, पण एवढ्या वर्षांत घासून गुळगुळीत झालेली. "तिकडे शिकायला होते तेव्हा त्यांनी जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलं. तेव्हाच ते त्यांच्यापेक्षा म्हातारं होतं. दुकानदाराने त्यांना सांगितलं, एक काळ असा होता की तिथले कलाकार चित्रं सोडून घरातल्या वस्तू रेखाटायला लागले. दिवे, खुर्च्या, रेडिओ. घड्याळाला म्हणाले, तुझे सगळे दागिने उतरव. जेवढं लागतं तेवढंच ठेव."

"आकडेसुद्धा उतरवले," हारून म्हणाला.

"मीही तेच म्हटलं होतं!" बाई क्षणभर हसल्या. "लग्नात मला दिलं त्यांनी. मी म्हटलं, आकडे नाहीत, वेळ कशी कळायची? तर म्हणाले, झुवैना, हे घड्याळ कधी चुकणार नाही. माझा शब्द आहे. आणि खरंच चुकलं नाही. मी शाळेतून यायच्या आधी ते घरी आलेले असत. बांग झाली की मी घड्याळाकडे बघायची. दर बांगेला बरोबर. मग त्यांना दवाखान्यात ठेवलं, आणि त्याच आठवड्यात हे वेड्यासारखं मागे पडायला लागलं. लोक म्हणतात सेलची मशीन बसवून घ्या. मला नको. ते होते तेव्हा चालायचं तसं चालू दे."

"करून देतो," हारून म्हणाला. त्याच्यापुरतं हे फार मोठं बोलणं होतं. बाईंनी घड्याळाबरोबरचा वजनदार लोखंडी ट्रान्सफॉर्मरही कपाटावर ठेवला आणि त्या गेल्या.

त्या संध्याकाळी साकिबचा फोन आला आणि नेहमीचं सुरू झालं. हारूनने त्याला थांबवलं.

"आयक साकिब. एक घड्याळ आलंय हातात. ते बरोबर चाललं तर दुकानाचा विषय परत काढायचा नाय. नाय चाललं, तर चावी तुझ्या हातात देतो. मग मी काय बोलणार नाय."

 साकिबने विचारलं, "शब्द?"

"शब्द."

हारूनने घड्याळ उघडलं. आत मोटार आणि थोडी चाकं, बस. मागे दोन गुंड्या होत्या. एक काटे लावायची. दुसरी चालू करायची, कारण हे यंत्र वीज दिली तरी आपणहून सुटत नव्हतं. ती गुंडी बोटांनी फिरवून फिरकीला गती द्यावी लागे, मग ते धावे. हारूनला ते आवडलं. वीज असूनसुद्धा माणसाचा हात मागणारं यंत्र. मागच्या पत्र्यावर काहीबाही छापलेलं होतं, अर्धं पुसलेलं, पण त्याने त्यात डोळे घातले नाहीत. त्याचं लक्ष चाकांवर होतं. जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालं होतं. घड्याळ मागे पडतं म्हणजे कुठेतरी अडतं, हे त्याला मामाने शिकवलं होतं. त्याने एकेक चाक पेट्रोलमध्ये धुतलं, सुकवलं, टोकावर थेंबभर तेल दिलं. हात थरथरत होता, म्हणून कोपर कपाटाला टेकवून, श्वास धरून काम केलं. सगळं जोडून त्याने घड्याळ सुरू केलं.

चाललं. निळ्या काचेवरून काटा असा सरकत होता की बघत राहावं.

जेवून आला तेव्हा ते मागे होतं.

शेजारी भिकाजीचं शिवणाचं दुकान. भिकाजी गुहागरकडचा. ओमानी लोकांचे पायघोळ दिशदाशे शिवण्यात त्याची हयात गेली. चहा घेऊन तो आला आणि घड्याळाकडे मान तिरकी करून म्हणाला, "काय ओ हारूनभाय, ही निळी नवरी कसली आणलात?"

"अमेरिकेची आहे."

"म्हणून नखरे करत्येय. चालत नाय काय?"

"चालतंय. मागे पडतंय."

"मागं पडूं द्या की. आपण तरी काय पुढं आहोत?" भिकाजी हसला. हारून हसला नाही. "जास्त मनाला लावून नका घेव," एवढंच म्हणून तो कप ठेवून गेला.

हारूनने घड्याळ पुन्हा उघडलं. पुन्हा धुतलं. चाकांचे दात भिंगाखाली एकेक करून पाहिले. कुठे झीज नाही, कुठे वाकडं नाही. पुन्हा जोडलं. पुन्हा मागे. तासाला दहा मिनिटं. कधी नऊ नाही, कधी अकरा नाही. आजारी घड्याळ असं ठरवून मागे पडत नाही, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण मनात एकदा शंका शिरली की माणूस यंत्राकडे बघत नाही, स्वतःच्या हाताकडे बघतो. हारूनला वाटलं, कुठेतरी आपलं बोट चुकतंय आणि डोळ्याला ते दिसत नाही.

एका दुपारी त्याने सेलची मशीन हातात घेतली. निळ्या काचेमागे ती बसवली की घड्याळ सेकंदालाही चुकलं नसतं. बाईंना कळलंही नसतं. पण मशीनचा दांडा जाड होता, त्यासाठी काचेचं भोक मोठं करावं लागणार होतं. त्याने कानस काचेजवळ नेली. त्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, निळा आणि थकलेला. त्याने कानस खाली ठेवली, आणि साकिबला फोन लावला.

"शुक्रवारी ये. चावी घेऊन जा."

साकिबला वाटलं होतं हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. तसं वाटलं नाही. शुक्रवारी तो आला तो बापाच्या समोर न बसता कपाटाशीच उभा राहिला. सकाळचा बकऱ्यांचा बाजार कधीच उठला होता, बाहेर उन्हं उतरत होती.

"हेच का ते?"

"हेच."

साकिबने ते हातात घेतलं. उलटं केलं. पाठीवरचा पत्रा अंगठ्याने पुसला आणि खिडकीकडे धरला. मग म्हणाला, "अब्बा, तुम्ही हे वाचलंत?"

"काय?"

"हे घड्याळ तिथल्या विजेवर बनवलंय. तिथली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते. आपल्याकडे इथे पन्नास. गावी पण पन्नासच. ही मोटार विजेच्या हेलकाव्यावर पाऊल टाकते. साठ मिळाले नाहीत तर बिचारी हळूच चालणार. ट्रान्सफॉर्मर फक्त जोर कमी करतो, हेलकावे बदलत नाही." तो हसायला लागला. "तासाला किती मागे पडतं? दहा मिनिटं ना? अब्बा, ह्याला काहीही झालेलं नाही! तुम्ही ठणठणीत माणसाचं दोन वेळा ऑपरेशन केलंत."

हारूनने खुर्चीचा हात धरला. छातीवरचं ओझं उतरलं, पण त्या जागी दुसरं काहीतरी हळूहळू येऊन बसलं.

"म्हणजे हे इथे कधीच बरोबर चाललेलं नाय," तो म्हणाला.

"कधीच नाही. शक्यच नाही. पण काळजी करू नका. साठवाली वीज करणारा छोटा डबा मिळतो. मी पुढच्या आठवड्यात आणतो. टेबलाखाली ठेवला की झालं. मग एकदम बरोबर." साकिबने पुढे म्हटलं, "तुम्ही जिंकलात, अब्बा. दुकान ठेवा. मी परत बोलणार नाही."

 हारूनने घड्याळ जवळ ओढलं, भिंग लावलं आणि मागच्या गुंड्या पाहिल्या. चालू करायची गुंडी जवळजवळ नवी होती, तिच्यावरच्या खाचा बोटाला टोचत होत्या. काटे लावायच्या गुंडीवर खाचाच नव्हत्या. चकाकी गेलेली, खालचं पितळ उघडं पडलेलं, आणि एका बाजूला अंगठ्याएवढा खोलगट खळगा. पितळ असं एका दिवसात झिजत नाही. आणि एका वर्षातही नाही. त्याने आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला. बरोबर बसला.

त्याला तो पहिल्या वर्षी दारात ओरडणारा म्हातारा आठवला, बांग झाली की काटे बोटाने जागेवर आणणारा. अबू हिलालही याच निझव्याचे. ते लहान असताना त्यांच्या घरातला कुणी आजोबा रोज तसंच करत असणार.

"चल," हारून उठला. "घड्याळ पोचवून येऊ."

"आज? डबा आल्यावर द्या ना."

"आज."

उम्म हिलालांच्या घरी बैठकीचं दार उघडंच होतं. सुनेने कहवा आणि खजूर आणून ठेवले. भिंतीलगतच्या कपाटावर एक चौकोनी जागा रिकामी होती, तिथलं लाकूड आजूबाजूपेक्षा गडद. हारूनने घड्याळ तिथे ठेवलं, ट्रान्सफॉर्मर लावला, पण चालू केलं नाही.

"झालं?" बाईंनी विचारलं.

हारूनला असं बोलायची सवय नव्हती. त्याने साकिबकडे पाहिलं, पण मग ठरवलं की हे आपणच सांगायचं.

"उम्म हिलाल, हे घड्याळ बिघडलेलं नाही. कधीच बिघडलं नव्हतं. पण ते इथे बरोबरही चालत नाही. अमेरिकेच्या विजेचं आहे. इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतं. पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या दिवसापासून?" बाईंचा आवाज शिक्षिकेचा झाला. "हारून, मी काय खोटं सांगते? मी रोज बघायची. दर बांगेला बरोबर असायचं!"

"असायचं." त्याने घड्याळ वळवून पाठ त्यांच्याकडे केली. "इथे बोट लावून बघा."

त्यांनी अंगठा लावला.  सुनेने काहीतरी विचारलं, तिला त्यांनी हातानेच थांबवलं.

"नमाजासाठी हातपाय धुवायला, वजूला जायच्या आधी ते इथे यायचे," त्या हळू म्हणाल्या. "रोज. मला वाटायचं, धूळ पुसतात. मी एकदा चिडवलं पण होतं, तुमची दुसरी बायको आहे का ही? तर म्हणाले, हिला जास्त सांभाळावं लागतं." त्या हसल्या आणि हसता हसताच त्यांनी शेल्याचं टोक डोळ्यांना लावलं. "शब्द दिला होता ना. कधी चुकणार नाही म्हणून."

साकिबला राहवलं नाही. "मावशी, मी एक डबा आणून देतो. मग कुणी काही करायला नको. आपोआप बरोबर चालेल."

उम्म हिलालांनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. "अल्ला तुला सुखी ठेवो. पण नको. मग मी काय करू?"

बाहेर मगरिबची बांग सुरू झाली. हारूनने त्यांना एकदाच दाखवलं, ही गुंडी अशी फिरवायची, मग ते सुटतं. वीज गेली आणि परत आली तरी पुन्हा हेच. आणि ही दुसरी. पण दुसरीचं दाखवायची गरज पडली नाही. बाईंनी ती स्वतःच धरली आणि दोन सरळ पट्ट्या हळूहळू निळ्या काचेवरून जागेवर आणल्या. आकडे नव्हतेच. तरी एक ठिपका इकडे नाही की तिकडे नाही.

बापलेक मशिदीत जाऊन दुकानाशी परतले तेव्हा भिकाजी आपलं दुकान बंद करत होता. "काय झाला? नवरी सासरी पोचली?" त्याने विचारलं.

"पोचली," हारून म्हणाला, आणि खिशातून चावी काढून साकिबपुढे धरली.

"अब्बा, हे काय? तुमची काही चूक नव्हती!"

"चुकीचा विषयच नव्हता. मी काय बोललो होतो? बरोबर चाललं तर. बरोबर चालतंय?"

"पण ते चालणं शक्यच—"

"चालतंय काय ते सांग."

साकिब खाली बघत म्हणाला, "नाही."

"मग." हारूनने चावी त्याच्या हातात ठेवून त्याची बोटं मिटली. "आणि पाठीवर लिहिलेलं तू एका नजरेत वाचलंस. मी इतके दिवस ते हातात धरून बसलो होतो. मामा असता तर त्याने मला तेव्हाच उठवला असता."

भिकाजी दाराच्या पट्टीला हात लावून उभा राहिला.  तो म्हणाला, "मग उद्या चाय कुणाला देव?"

"उद्या देव. परवापण देव. एवढ्यात कुठे जातोय?" हारून म्हणाला. "आवरायलाच आठवडा जाईल."

तो आत गेला. मामाचं भिंग रुमालात गुंडाळून त्याने छातीच्या खिशात ठेवलं. भिंतीवर चावीची चार जुनी घड्याळं टिकटिकत होती. कुणी ती दुरुस्तीला देऊन परत नेली नव्हती, कुणी 'नेतो' म्हणून सांगून गेलं होतं. हारून दर शुक्रवारी त्यांना चावी द्यायचा. आज शुक्रवार होता.

"बंद करू का ही घड्याळं?" साकिबने दिव्याच्या बटणाशी उभं राहून विचारलं.

हारून त्यांच्यासमोर थोडा वेळ थांबला. चावी द्यायला हात वर गेला, आणि तसाच खाली आला.

"राहू दे," तो म्हणाला. "त्यांच्यात आहे तेवढ्या चावीवर चालतील. दिवा घालव."